पेट्रोलवरचा एजर चोकवर सुरू होतो आणि लगेच बंद पडतो (हिरवळीची कड कापण्याबद्दलही विचारायचंय)

नवमाळी (धागाकर्ता)
मंडळी, काकांनी त्यांचं बागकाम आवरतं घेतलं आणि त्यांचा पेट्रोलवरचा एजर, म्हणजे हिरवळीची कड कापायचं यंत्र, माझ्याकडे आला. ढकलून चालवायचा आहे, बाजूला उभं फिरणारं पातं, फोर-स्ट्रोक इंजिन. दोन वर्षं कोपऱ्यात उभा होता आणि टाकीत पेट्रोल तसंच पडून होतं. मी त्यातच वरून ताजं पेट्रोल घातलं.

होतंय असं: चोक ओढून तिसऱ्या-चौथ्या झटक्याला सुरू होतो, पाच-सहा सेकंद चालतो, चोक उघडला की गचके खातो आणि बंद. प्लग नवा घातला, एअर फिल्टर काढून झटकला, काही फरक नाही. काकांनी हे यंत्र फार जपून वापरलंय. ते माझ्या हातात बिघडू नये एवढीच इच्छा.

दुसरा प्रश्न कापण्याचा. पायवाटेच्या दोन्ही अंगांनी हरळी काँक्रीटवर वीतभर पसरली आहे. पातं पूर्ण खोल घालून एकाच फेरीत काढून टाकू का?

स्पॅनरकाका
आधी इंजिनाचं बघू. चोकवर चालतं आणि चोक काढला की बंद पडतं, म्हणजे त्याला पेट्रोल कमी पडतंय. चोक हवा अडवतो, त्यामुळे जे थोडंफार पेट्रोल येतं तेवढ्यावर इंजिन तग धरतं. हवा पूर्ण मिळाली की पेट्रोलचं प्रमाण आणखी घटतं आणि खेळ संपतो. पडून राहिलेलं पेट्रोल उडून जाताना मागे चिकट थर ठेवतं आणि तो सगळ्यात आधी कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, बसतो. नवा प्लग घालून हे सुटणार नाही.

टाकीतलं सगळं पेट्रोल काढ. जुन्यात नवं घातलं म्हणजे जुनं सुधारत नाही, नवं वाया जातं. काम उघड्यावर कर, इंजिन गार असू दे, प्लगची टोपी काढून बाजूला बांधून ठेव.

मग एअर फिल्टरचं घर काढलंस की कार्ब्युरेटर दिसेल. त्याच्या तळाशी एक वाटी असते, मध्ये एकच बोल्ट. खाली भांडं धर आणि तो बोल्ट सोडव. बऱ्याच इंजिनांत त्या बोल्टच्याच पोटात मुख्य जेट असतं. उजेडासमोर धरून भोक आरपार दिसतंय का बघ. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मार, दहा मिनिटं थांब, परत मार. सुई, टाचणी, ड्रिल यातलं काही घालू नकोस. जेट पितळेचं असतं, भोक केसभर जरी मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं. अगदीच निघत नसेल तर मऊ वायरमधली तांब्याची एक बारीक तार घे. वाटीचं रबरी रिंग-गॅस्केट आधी काढून ठेव, क्लीनर लागला की ते फुगतं आणि परत खाचेत बसत नाही. फवारा डोळ्यांत उलटतो, चष्मा लाव.

रानजाई
कापण्याबद्दल मी सांगते, कारण ही चूक मी केली आहे. एकाच फेरीत पूर्ण खोल घालू नकोस. वर्षानुवर्षं माती साचलेली कड असते, पातं त्यात रुतलं की इंजिन दबतं, पट्टा घसरतो आणि यंत्र वेडंवाकडं उडी मारतं. मी तशीच रेटत राहिले आणि पहिल्या वीस फुटांत कड करवतीच्या दातांसारखी झाली. ती सरळ दिसायला पुढचा सबंध हंगाम गेला.

पहिली फेरी जेमतेम एक-दीड सेंटिमीटर खोल. ती फक्त रेघ आखण्यासाठी. दुसऱ्या फेरीत पातं त्याच चरातून आपोआप चालतं, तेव्हा अडीच-तीन सेंटिमीटरपर्यंत जा. त्याहून खोल चर पायवाटेलगत लागत नाही. उलट त्यात पाणी साचतं, माणसांचा पाय मुरगळतो.

इंजिन पूर्ण वेगात आल्याशिवाय पातं मातीत उतरवायचं नाही. आणि चालताना पात्याकडे बघू नकोस, चार-पाच पावलं पुढे बघ. सायकल शिकताना पुढच्या चाकाकडे बघितलं की कशी डगमगते, अगदी तसंच होतं.

मातीतला माणूस
दोन गोष्टी मातीच्या. कोरडी ठणठणीत असताना कापायला गेलात तर धूळ उडते आणि पातं झपाट्याने झिजतं. चिखल असताना गेलात तर पात्याच्या कव्हरमध्ये गोळे बसतात आणि चर कापला न जाता लिंपला जातो. पाऊस किंवा पाणी दिल्यानंतर एक-दोन दिवसांनी, मूठभर माती दाबली तर गोळा होतो पण हाताला चिकटत नाही, अशा वेळी कापा.

हरळीबद्दल: ती जमिनीवरून धुमारे सोडते आणि जमिनीखालूनही. पात्याने दोन्ही तुटतात, पण काँक्रीटवर पडलेला तुकडा भेगेत माती मिळाली की पुन्हा मूळ धरतो. त्यामुळे कापून झाल्यावर पट्टे त्याच दिवशी उचलायचे. झाडून वाफ्यात ढकलले तर पुढच्या महिन्यात वाफ्यात हरळी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कापण्याआधी कडेने एकदा चालत जा. माझ्या ओळखीच्या एका घरी बागेच्या दिव्याची केबल काठालगत बोटभर खोलीवर पुरलेली होती. पात्याने ती तुटली. विद्युतदाब कमी होता म्हणून निभावलं. पाण्याचे नळे, फवाऱ्यांची तोंडं, ठिबकच्या नळ्या, केबल, सगळ्यांच्या जागी काठ्या रोवा. काय कुठे पुरलंय ते माहीत नसेल तर आधी खुरप्याने उकरून बघा.

अनुस्वार
मी गवत छाटायच्या नायलॉन दोरीच्या यंत्रानेच कड मारते. ते उभं धरलं की काम होतं. वेगळा एजर खरंच लागतो का?

स्पॅनरकाका
चर एकदा पडलेला असेल आणि तुम्ही तो नियमित राखत असाल तर दोरीने भागतं. पण दोरीचा जन्मच वेगळ्या कामासाठी झाला. १९७१ मध्ये ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांना गाडी धुण्याच्या यंत्रातले फिरते ब्रश बघून ती कल्पना सुचली, त्यांना झाडांच्या बुंध्याभोवतीचं गवत साल न दुखवता काढायचं होतं. म्हणजे जिथे पातं नेता येत नाही तिथे मऊ काहीतरी हवं, हा त्यामागचा विचार. माती कापायला मात्र कडक पातंच लागतं. दोरी मातीत घातली की फटाफट तुटते, आणि हात जरा हलला की कडेचं गवत टक्कल पडल्यासारखं दिसतं.

नवमाळी
काका, वाटी उघडली. आत काय होतं ते सांगतो. तळाला मधासारखा पिवळा चिकटा, त्यात हिरवट पूड. बोल्ट उजेडात धरला तर लांब भोकातून काहीच दिसेना. फवारा मारून ठेवला, दुसऱ्यांदा मारल्यावर एक पापुद्रा सुटून आला, सापाच्या कातीसारखा पातळ, आणि भोकातून एकदम सुईच्या टोकाएवढा गोल उजेड दिसला. हातात धरून दोन मिनिटं नुसता बघत बसलो.

सगळं जोडलं, ताजं पेट्रोल घातलं, दुसऱ्या झटक्याला सुरू! चोक काढल्यावरही छान चालला. पण दहा-बारा मिनिटांनी हळूहळू दम लागल्यासारखा झाला आणि बंद. पंधरा मिनिटं थांबून ओढला तर पुन्हा सुरू, पुन्हा तेच.

पारिजात
टाकीचं झाकण! पेट्रोल खाली जातं तशी वरून हवा आत यायला हवी. त्यासाठी झाकणात बारीक छिद्र असतं. ते धुळीने बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. थांबून राहिलास की हवा हळूहळू आत झिरपते, म्हणून परत सुरू होतो. पुढच्या वेळी दम लागायला लागला की पातं मातीतून वर घे आणि तो बंद पडल्या पडल्या झाकण जरा सैल कर. फुस्स आवाज आला आणि लगेच सुरू झाला तर निदान पक्कं. सायलेन्सर तापलेला असतो, पेट्रोल सांडू देऊ नकोस.

स्पॅनरकाका
पारिजात यांनी नेमकं पकडलं. झाकण सैल करूनही सुरू झाला नाही तर दुसरी शक्यता इग्निशन कॉइलची. काही कॉइली तापल्या की ठिणगी सोडत नाहीत आणि गार झाल्या की पुन्हा देतात. त्यासाठी बंद पडल्यावर लगेच ठिणगी तपासायची, ठिणगी तपासायचं साधन लावून. अर्ध्या तासाने तपासलं तर ठिणगी दिसणारच आणि तुम्ही भलत्याच वाटेला लागणार.

नवमाळी
फुस्स झालं! झाकणातली जाळी मातीने पार बुजली होती. साबणाच्या पाण्याने धुतली, वाळवली. आज सलग पाऊण तास चालला. पारिजात, मनापासून आभार.

आता पुढचं. पातं मातीत उतरवलं की इंजिन जोरात चालू राहतं पण पातं थांबतं, आणि रबर जळाल्याचा वास येतो.

रानजाई
पट्टा. माझ्याही यंत्राचा गेला होता. प्लगची टोपी काढ, पट्ट्याचं कव्हर काढ आणि त्याच्या बाजू बघ. काचेसारख्या चकाकत असतील तर तो घसरतोय.

स्पॅनरकाका
हो, आणि बदलताना एक काळजी घे. लांबी-रुंदी जुळली म्हणून कुठलाही व्ही-पट्टा चालत नाही. या यंत्रात दांडा ओढला की ताण येऊन पातं फिरतं आणि सोडला की पट्टा पुलीवर सैल होऊन घसरत राहायला हवा. साधा रबरी पट्टा सैल झाला तरी पुलीला धरून राहू शकतो, मग दांडा सोडूनही पातं फिरत राहतं. हा थेट जिवाशी खेळ आहे. पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचाच पट्टा घे. बसवल्यावर टोपी काढलेली असतानाच दांडा सोडून पातं लाकडाने ढकलून बघ, मोकळं फिरलं पाहिजे.

तिथेच आहेस तर बेअरिंगही तपास. हातमोजा घालून पातं धर आणि वर-खाली, पुढे-मागे हलव. खडखडलं तर बेअरिंग गेलं. त्या घरावर ग्रीसचं निपल असेल तर दोन-तीन दाब ग्रीस दे. निपल नसेल तर ती बंद बेअरिंग आहेत, त्यांना ग्रीस देता येत नाही, बदलावीच लागतात.

चिंतामुक्त
माझ्याकडे खांद्यावर अडकवायचा लांब दांड्याचा एजर आहे, टू-स्ट्रोक. काका, पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं? कुणी म्हणतं डोळ्यांच्या अंदाजाने.

स्पॅनरकाका
अंदाजाने नको. ५०:१ लिहिलं असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल, ४०:१ असेल तर २५. मापाचं भांडं ठेवा. आधी अर्धं पेट्रोल, मग ऑइल, मग उरलेलं पेट्रोल, झाकण लावून हलवा. ऑइल नसलेलं पेट्रोल टू-स्ट्रोकमध्ये गेलं तर पिस्टन आणि सिलिंडर कोरडे घासले जातात आणि काही मिनिटांत इंजिन जाम होतं. दोन्ही प्रकारची यंत्रं घरात असतील तर कॅन वेगळे ठेवा आणि वर ठळक लिहा. उलट चूक, म्हणजे फोर-स्ट्रोकमध्ये मिश्रण गेलं, तर धूर येतो, पण सहसा इंजिन मरत नाही.

जोर कमी झालाय असं वाटलं तर सायलेन्सरच्या तोंडाची ठिणगी अडवणारी बारीक जाळी काढून बघा. टू-स्ट्रोकमध्ये ती काजळीने बुजते. तारेच्या ब्रशने साफ होते. अर्धी मंडळी कार्ब्युरेटर उघडत बसतात आणि दोष तिथे असतो.

मातीतला माणूस
गिअरच्या डब्याचं ग्रीसही विसरू नका, चिंतामुक्त. पुस्तिकेत दिलेल्या तासांनी बोल्ट उघडून बघायचं.

अनुस्वार
नवमाळी, वाचताना धडकी भरली म्हणून लिहिते. मी यंत्र साफ करायला आडवं केलं ते चुकीच्या अंगावर. इंजिनातलं ऑइल एअर फिल्टरमध्ये गेलं, आणि नंतर सुरू केल्यावर पांढऱ्या धुराचा लोट. फिल्टर कागदाचा होता, फेकावाच लागला. आडवं करायचंच झालं तर प्लग आणि फिल्टरची बाजू वर.

स्पॅनरकाका
अगदी बरोबर. फिल्टरचं एवढं लक्षात ठेवा: फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, पुस्तिकेत सांगितलं असेल तर थोडं ऑइल चोळून पिळून काढा. कागदाचा असेल तर हलकेच आपटून धूळ झाडा, धुवायचा नाही, ऑइल लावायचं नाही. एजर बऱ्याच बागयंत्रांपेक्षा जास्त धूळ खातो कारण तो मातीतच काम करतो. तो फिल्टर प्रत्येक वापरानंतर बघा.

ऑइलचं: नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल काही कंपन्या ५ तासांनीच बदलायला सांगतात. त्यानंतर पुस्तिकेप्रमाणे २५ किंवा ५० तासांनी, नाहीतर हंगामातून एकदा. इंजिन कोमट असताना काढा म्हणजे गाळ बरोबर येतो. जास्त भरू नका, जास्त भरलं तरी धूर येतो.

पारिजात
हंगाम संपल्यावर काय करता? मी टाकीत स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर बिघडू न देणारं द्रव्य) घालते, इंजिन काही मिनिटं चालवते म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचतं, आणि टाकी भरून ठेवते. चार वर्षं झाली, कधी अडलं नाही.

स्पॅनरकाका
मी टाकी रिकामी करतो आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. वाटीत जे उरतं तेही खालून काढतो. दोन्ही पद्धती चालतात. पण तुमच्या पद्धतीत स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलमध्ये घालावा लागतो. बिघडलेलं पेट्रोल त्याने परत चांगलं होत नाही.

यात इथेनॉलचा भाग मोठा आहे. इथेनॉल हवेतलं बाष्प ओढतं. पाणी पुरेसं जमलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळं बसतं, आणि इंजिन नेमकं तळाकडूनच पेट्रोल घेतं. बहुतेक लहान इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं असं असतं, त्याहून जास्त नको. आणि कॅनवर भरल्याची तारीख लिहा. महिनाभरात संपेल तेवढंच आणा.

रानजाई
नवमाळी, पट्टा आला का? आणि डोळ्यांवर काही लावतोस ना? मागच्या वर्षी माझ्या पात्याखालून गारगोटी उडाली आणि पँटवरूनच नडगीला लागली. महिनाभर काळानिळा डाग होता. लांब जाड पँट, बंद बूट, चष्मा, कानाला मफ. आवाज बराच वेळ ८५ डेसिबलच्या वर राहिला की कानांना इजा होऊ शकते, आणि ही इंजिनं सहज त्याच्या वर जातात. पात्यामागची रबरी झडप फाटली असेल तर आधी ती बदल. मुलं, कुत्रा, कुणीही आसपास नको.

नवमाळी
पट्टा आला, बसवला, दांडा सोडला की पातं मोकळं फिरतं. झडप शाबूत आहे. चष्मा आणि मफ दोन्ही घेतले.

आज कापलं. परवा पाऊस झाला होता, मूठ दाबून बघितली, गोळा झाला. आधी काठ्या रोवल्या, त्यात पाण्याचा एक नळा सापडला जो मला माहीतच नव्हता. मग दोरी ताणून पहिली उथळ फेरी. ताई, तुम्ही म्हणालात ते खरंच, पात्यावरून नजर काढली आणि रेघ सरळ झाली. दुसऱ्या फेरीत पट्टे सोलल्यासारखे निघाले, कुठे कुठे हातभर लांब एकसंध. खाली काँक्रीटचा जुना काठ दिसला, त्याचा रंगही वेगळा होता. चार घमेली माती आणि हरळी उचलली.

एक विचारायचंय. पातं टोकांना गोल झालंय. धार लावू का?

स्पॅनरकाका
धार लावायची गरज नसते. हे पातं सुरीसारखं कापत नाही, वेगाने आपटून कापतं. लावलेली धार पहिल्या दहा फुटांत जाते, आणि एका टोकाचं पोलाद जास्त घासलं गेलं तर तोल बिघडून सगळं यंत्र थरथरतं. नव्या पात्याशेजारी ठेवून बघ, लांबी बरीच कमी झाली असेल, वाकलं असेल किंवा चीर दिसली तर बदल. नट सोडवण्याआधी प्लगची टोपी काढ, पात्याला लाकडाचा ठोकळा अडव, आणि आटे सुलटे की उलटे ते पुस्तिकेत बघ. उलटे आटे असतात काही यंत्रांना. हट्टाने चुकीच्या दिशेला ताणलं तर बोल्ट मोडतो.

नवमाळी
आटे सुलटे निघाले, नवं पातं बसलं. जुनं जवळजवळ दोन बोटं कमी भरलं.

आणि एक गोष्ट राहिली. खोली ठरवायच्या दांड्याची पट्टी घासून साफ करत होतो. ग्रीस आणि मातीच्या थराखाली दुसऱ्या खाचेशेजारी पांढऱ्या रंगाचा ठिपका निघाला. माझ्या काकांना फोन केला. ते म्हणाले, "तो मीच दिलाय. पहिली फेरी तिथे, त्याच्या पुढे दुसऱ्यांदा." मी परवा दोरी लावून, मोजून, तुम्हाला विचारून ज्या खाचेत पहिली फेरी मारली, तीच ती खाच.

रानजाई
तो ठिपका पुसू देऊ नकोस.

नवमाळी
नाही पुसणार. फिका झालाय, उद्या त्याच्यावरच दुसरा देतो.